शंकुपात्राचा परवाना: अमेरिकेतली घरची प्रयोगशाळा रिकामी कशी झाली, आणि आता सामान कुठून आणायचं

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनकडे राहणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, पण टेक्ससमध्ये २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत काचेचं शंकुपात्र विकत घ्यायला सरकारी परवाना लागत होता. शंकुपात्र म्हणजे तेच, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात चंचुपात्राच्या शेजारी ज्याचं चित्र असायचं. त्या यादीत गोल बुडाचा चंबू होता, ऊर्ध्वपातनाचं सामान होतं, गाळायची काही नरसाळीसुद्धा होती. कायदा १९८० च्या दशकाच्या अखेरचा. घरोघरी मेथॅम्फेटामिन बनवणाऱ्यांना आळा घालायला केलेला. (त्याच राज्यात रायफल घ्यायला परवाना लागत नव्हता, हे आपलं जाता जाता.)

आता तो परवाना गेला. तरीही मुलीला किंवा मुलाला खराखुरा केमिस्ट्री सेट घ्यायचा म्हणून तुम्ही दुकानात गेलात, तर हाती काय लागतं? रंगीत स्लाइम, खाण्याचा सोडा, प्लास्टिकची नळी, आणि काही खोक्यांवर तर मोठ्या अक्षरांत अभिमानाने छापलेलं असतं की यात एकही केमिकल नाही. पाण्याशिवाय पोहण्याचा क्लास म्हणतात तो हाच. नेहमीचा प्रश्न असतो, ‘कुठला सेट घेऊ?’ त्याचं नीट उत्तर द्यायचं तर ही खोकी अशी पोकळ का झाली ते आधी कळायला हवं, कारण सामान बाजारातून गेलेलं नाही. ते वेगवेगळ्या दुकानांत विखुरलंय.

एकेकाळी हे सगळं औषधाच्या दुकानात मिळायचं. १८५० च्या दशकात मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरन गावात थॉमस एडिसन नावाच्या मुलाने तळघरात बाटल्या मांडल्या होत्या. घरातल्या कुणी हात लावू नये म्हणून त्याने त्यांच्यावर ‘विष’ असं लिहून ठेवलं होतं. पुढे आगगाडीत वर्तमानपत्रं विकताना त्याने सामानाच्या डब्यात प्रयोगशाळा थाटली आणि फॉस्फरसने डब्याला आग लावली. तेव्हा ‘जुन्या काळी सगळं सुरक्षित होतं’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आगी तेव्हाही लागायच्या.

मुलांसाठी तयार खोकं हा प्रकार अमेरिकेत मोठा झाला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तोवर अमेरिकेतल्या प्रयोगशाळांची चांगली काच आणि बरीचशी शुद्ध रसायनं जर्मनीहून यायची. १९१४ ला युद्ध पेटलं आणि तो पुरवठा आटला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काच कारखान्याने १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आणली, आणि रसायनशास्त्र हा देशाच्या अभिमानाचा विषय झाला. आपल्या शाळेत बाईंनी ‘फोडलंस तर भरून द्यावं लागेल’ असं बजावून हातात दिलेल्या चंचुपात्रावर बोरोसिल लिहिलेलं असायचं, आठवतंय? ती कंपनी १९६२ साली याच कॉर्निंगच्या सहकार्याने उभी राहिली. म्हणजे तुमच्या हायस्कूलच्या कपाटातली काच आणि अमेरिकेतल्या पोराच्या तळघरातली काच एकाच घराण्यातली.

१९१४ च्या सुमारास मेरीलंडमधल्या हेगर्सटाउन इथे पोर्टर बंधूंनी केमक्राफ्ट नावाचे संच विकायला सुरुवात केली. त्यांचा मोठा स्पर्धक होता न्यू हेवनचा ए. सी. गिल्बर्ट. हा माणूस भन्नाट होता. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये बांबूउडीचं सुवर्णपदक, येलची डॉक्टरकीची पदवी, धंदा मात्र जादूच्या सामानाचा आणि मग खेळण्यांचा. १९१८ साली युद्धामुळे नाताळची खेळणी विकण्यावर बंदी घालायचा विचार सरकारात चालला होता, तेव्हा हाच वॉशिंग्टनला खेळणी घेऊन गेला आणि मंत्र्यांना खेळवून परत आला. बंदी आली नाही. पुढे गिल्बर्टनेही रसायनांचे संच काढले आणि दोन्ही कंपन्यांची खोकी पुढची कित्येक वर्षं नाताळच्या झाडाखाली जाऊन बसली.

त्या लाकडी, नंतर पत्र्याच्या पेट्यांत काय असायचं? गंधक, सोरा, पोटॅशियम परमँगनेट, स्पिरिटचा दिवा, काचेची नळी तापवून वाकवायची सूचना. आज हे वाचूनच आपल्या पोटात गोळा येतो. जाहिरातींत मुलगेच. मुलींसाठी गिल्बर्टने १९५० च्या दशकात वेगळा गुलाबी खोका काढला, त्यात सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या, आणि नाव काय तर ‘लॅब टेक्निशियन’. मुलगा शास्त्रज्ञ होणार, मुलगी त्याची मदतनीस. हा गुलाबी खोका अजून पूर्ण गेलेला नाही, दुकानात डोळे उघडे ठेवून फिरा म्हणजे दिसेल.

त्याच काळातलं सगळ्यात गाजलेलं खोकं म्हणजे गिल्बर्टची अणुऊर्जा प्रयोगशाळा, १९५० ची. किंमत ४९ डॉलर ५० सेंट, तेव्हाच्या मानाने भरपूर. आत गायगर मापक, अणुकणांच्या रेषा दाखवणारं मेघपात्र, आणि युरेनियमच्या खनिजाचे चार खरे नमुने! सोबत युरेनियम कसं शोधावं याची पुस्तिका, कारण साठा सापडवून देणाऱ्याला सरकार १० हजार डॉलरचं बक्षीस देत होतं. हे खोकं धोकादायक म्हणून बंद पाडलं अशी समजूत आहे. खुद्द गिल्बर्टने आत्मचरित्रात दिलेलं कारण वेगळं आहे. ते बनवण्यात कंपनीला तोटा होत होता. एकदीड वर्षात ते बाजारातून गेलं.

या खोक्यांतून आणि तळघरांतून निघालेली माणसं मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही. लायनस पॉलिंगने पोर्टलंडजवळच्या ओस्वेगो इथल्या बंद पडलेल्या कारखान्यातून रसायनं उचलून आणली होती. पुढे त्याला दोन नोबेल मिळाली. इंटेलचा सहसंस्थापक गॉर्डन मूर शेजारच्या मुलाच्या केमिस्ट्री सेटवर शिकला आणि त्याने स्फोटकंही करून पाहिली. नोबेलविजेत्या रॉबर्ट कर्लला नवव्या वर्षी आईवडिलांनी सेट दिला आणि आठवड्याभरात आपण केमिस्ट व्हायचं हे त्याने ठरवून टाकलं. पण इथे जरा थांबू या. ज्यांची बोटं गेली, डोळे गेले, ती मुलं आत्मचरित्रं लिहीत नाहीत. ‘बघा, तेव्हाची मुलं कशी घडली’ हा युक्तिवाद करताना मला म्हणूनच थोडं अवघडल्यासारखं होतं.

मग हे सगळं गेलं कुठे? सर्वसाधारण समज असा की सरकारने केमिस्ट्री सेटवर बंदी आणली. हे खरं नाही, आणि पालक म्हणून आपल्याला हे माहीत असणं फार कामाचं आहे. १९६० साली घातक पदार्थांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावायचा केंद्रीय कायदा आला. १९६६ मध्ये मुलांच्या घातक खेळण्यांवर बंदीचं कलम त्यात घातलं गेलं, १९६९ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली, आणि १९७३ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा आयोग काम करू लागला. पण त्या बंदीतच एक अपवाद लिहिलेला आहे: रसायनांच्या संचासारख्या वस्तू, ज्यांचं कामच घातक पदार्थाशिवाय होत नाही, त्यांना सूट, अट एवढीच की चिठ्ठी नीट हवी, आणि मूल ती वाचून पाळण्याएवढं मोठं हवं. कायदेमंडळाने दार उघडं ठेवलं होतं. बंद केलं ते बऱ्याच अंशी कंपन्यांनीच, खटल्याच्या आणि विम्याच्या भीतीने. एकेक बाटली कमी होत गेली, आणि एके दिवशी खोक्यात फक्त सोडा उरला. पोर्टरची कंपनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लायनेल या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेली, गिल्बर्टची १९६७ ला बंदच पडली.

नेमकं याच वेळी आपण आलो. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर मराठी इंजिनिअर, डॉक्टर, केमिस्ट यायला लागले. माटुंग्याच्या यूडीसीटीतून निघालेली कितीतरी मंडळी न्यू जर्सी आणि टेक्ससच्या रासायनिक कारखान्यांत रुजू झाली. म्हणजे बघा, बाप दिवसभर रिॲक्टरशेजारी उभा, आणि घरी मुलाच्या हातात परीक्षानळी नाही. आपण तिथे शाळेत मार्कांसाठी केमिस्ट्री केली, इथे पोरं स्क्रीनवर करतात. हातांनी कुणीच करत नाही.

नंतरची लाट अमली पदार्थांची. २००१ मध्ये लाल फॉस्फरस केंद्र सरकारच्या नियंत्रित यादीत गेला. नाक चोंदल्यावर घ्यायची ती गोळी काउंटरमागून मागून घ्यावी लागते, लायसन्स दाखवून सही करावी लागते, ते २००५ सालच्या मेथविरोधी कायद्यामुळे. २००७ मध्ये आयोडीनची पाळी आली. बटाट्यावर थेंब टाकला की निळंकाळं होतं, स्टार्चची परीक्षा, आपण सगळ्यांनी केलेली. त्या आयोडीनचे खडे, आणि २.२ टक्क्यांहून तीव्र द्रावण, आता नियंत्रित आहेत. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर दोन टक्क्यांचं असतं, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम खाली, आणि बटाट्याला तेवढं पुरतं. गंमत अशी की याच आयोडीनवर एका मराठी माणसाने अमेरिकेत नाव मिळवलं होतं. शंकर आबाजी भिसे, १८६७ सालचे, मुंबईचे. टाइप ओतायच्या यंत्रांसाठी ते लंडनला गाजले, मग अमेरिकेत येऊन त्यांनी अ‍ॅटॉमिडीन नावाचं आयोडीनचं औषध काढलं, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. पोरांना एडिसन सांगता, तसा हाही माणूस सांगा.

तिसरी लाट फटाक्यांची आणि दहशतवादाच्या भीतीची. घरी रसायनं पाठवणारी न्यू मेक्सिकोमधली युनायटेड न्यूक्लिअर नावाची छोटी कंपनी होती. तिच्यावर २००३ मध्ये छापा पडला, कारण ती विकत असलेल्या पदार्थांतून बेकायदा फटाके बनतात. २००७ मध्ये साडेसात हजार डॉलर दंड झाला. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मार्लबरो गावात वरच्या मजल्यावर आग लागली म्हणून बंब आला आणि तळघरात एका निवृत्त केमिस्टची प्रयोगशाळा दिसली. विशेष घातक काही सापडलं नाही, तरी बाटल्या उचलून नेल्या. राहत्या वस्तीत हा उद्योग चालत नाही, एवढं कारण पुरलं.

आपल्यासारख्यांची खरी धास्ती याहून वेगळी असते, आणि ती मनातल्या मनात न ठेवलेली बरी. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या बार्टो इथे सोळा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने शाळेच्या आवारात बाटलीत घरगुती वस्तू मिसळल्या, झाकण उडालं, कुणाला काही झालं नाही. तिला अटक झाली. आरोप नंतर मागे घेतले. २०१५ मध्ये टेक्ससच्या अर्व्हिंगमध्ये चौदा वर्षांच्या मुस्लिम मुलाने घरी बनवलेलं घड्याळ शाळेत नेलं आणि हातात बेड्या पडल्या. ‘आपलं नाव, आपला रंग, त्यात व्हिसा... कशाला नस्ती भानगड’ असं जे आपल्या घरांत म्हटलं जातं त्याला आधार आहे. माझं मत मात्र असं, की यातून घ्यायची गोष्ट एकच: घरचा प्रयोग घरात, आईबाबांसमोर, आणि शाळेत काही न्यायचं तर शिक्षकांना आधी लेखी कळवून. विज्ञान प्रदर्शनाचं काम असेल तर मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत घातक रसायनांसाठी जबाबदार प्रौढ व्यक्ती आणि धोक्याचा अंदाज लिहिण्याचा फॉर्म असतोच. तो प्रयोगाआधी भरायचा असतो, नंतर नव्हे.

आणि शाळा म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१४ च्या जानेवारीत मॅनहॅटनच्या बीकन हायस्कूलमध्ये मिथेनॉल वापरून रंगीत ज्वाळांचा प्रयोग दाखवताना भडका उडाला आणि विद्यार्थी भाजले. शिक्षक होते, वर्ग होता, सगळं होतं. उघड्या ज्वाळेजवळ मिथेनॉलची बाटली, एवढंच चुकलं. म्हणून आपल्या घरच्या यादीत मिथेनॉल नाही, म्हणजे नाहीच.

तर आता खरेदी. रसायनशाळांना माल देणाऱ्या मोठ्या कंपन्या घरच्या पत्त्यावर रसायनं सहसा पाठवत नाहीत, तिकडे वेळ घालवू नका. दार पुन्हा उघडलं ते होमस्कूलिंगवाल्यांनी. १९९३ पर्यंत घरी शिकवणं सगळ्या पन्नास राज्यांत कायदेशीर झालं, आणि त्या कुटुंबांना दहावी-बारावीच्या पातळीची केमिस्ट्री स्वयंपाकघरात करायची होती. त्यांच्यासाठी मोंटानातल्या बिलिंग्ज इथल्या होम सायन्स टूल्ससारखी दुकानं उभी राहिली, तिथे लहान बाटल्यांत, नीट चिठ्ठी लावलेली रसायनं आणि काच मिळते. आपल्याकडे बरेच पालक हे नावच ऐकलेलं नसल्यामुळे खेळण्यांच्या दुकानात फिरत बसतात. तयार खोकंच हवं असेल तर जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या कॉसमॉस कंपनीचे संच इथे थेम्स अँड कॉसमॉस या नावाने मिळतात. त्यातल्या वरच्या पातळीच्या संचांची पुस्तिका खरोखर अभ्यासाची आहे, फक्त काही रसायनं वेगळी आणावी लागतात हे आधी वाचा.

पण सुटं सामान स्वस्त पडतं आणि मुलंही जास्त शिकतात. सगळ्यात आधी गॉगल. उन्हाचा नाही, लाकूडकामाचाही नाही. द्रव उडाला तरी आत जाणार नाही असा, ज्यावर झेड ८७ आणि डी ३ अशा खुणा असतात. मुलाचा एक, तुमचा एक. मग २५० मिलीलिटरची दोन चंचुपात्रं, डझनभर परीक्षानळ्या, एक मोजपात्र, नरसाळं, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. काच बोरोसिलिकेटच घ्या. इथे एक फसगत होते: स्वयंपाकघरातला पायरेक्सचा मापाचा कप. अमेरिकेत आता घरगुती भांडी म्हणून विकली जाणारी ती काच बोरोसिलिकेट नसते, सोडा-लाइम असते. नाव तेच, काच दुसरी. थेट शेगडीवर ठेवली तर फुटू शकते.

रसायनांचं म्हणाल तर निम्मी यादी आपल्या इंडियन ग्रोसरीत आहे. हळद घ्या. पिवळ्या डागाला साबण लागला की लाल होतो हे प्रत्येक मराठी आईला ठाऊक आहे, आणि हळदीला चुना लावून कुंकू करायची पद्धतही जुनीच. हा आपला घरचा दर्शक. लाल कोबीचा रस आणि जास्वंद जोडीला. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. तुरटीचे स्फटिक दोऱ्याला लटकवून आठवडाभर वाढवता येतात. औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीतलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एप्सम मीठ. कपड्यांच्या साबणाच्या रांगेत धुण्याचा सोडा. पाण्याचं विघटन करायचं असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची शिसं आणि हा धुण्याचा सोडा. मीठ टाकू नका, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो. ब्लीच तर प्रयोगाच्या टेबलावर येताच कामा नये. व्हिनेगर असो की अमोनिया, त्यात ब्लीच मिसळलं की विषारी वायू.

मोरचूद नाशिकच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणात पडतं ते इथे हार्डवेअरच्या दुकानात गटारातली झाडांची मुळं मारायला मिळतं, तेच कॉपर सल्फेट. निळे स्फटिक सुंदर होतात, पण विषारी आहे, हातमोजे हवेत, आणि कॅलिफोर्नियाच्या काही भागांत ते विकायलाच मनाई आहे. शिक्षणाच्या दुकानातून लहान बाटली घेतलेली बरी.

साठवणीबद्दल एकच विनंती. आपल्या घरात श्रीखंडाच्या डब्यात काहीही असू शकतं, दह्याच्या डब्यात तर नक्कीच वेगळं काहीतरी असतं. रसायनं त्या डब्यांत नकोत. मूळ बाटलीतच, कुलपाच्या कपाटात. आणि सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येतात तेव्हा तुरटी, लिंबूसत्त्व, एप्सम मीठ सगळं त्यांना पांढरंच दिसतं, म्हणून चिठ्ठी मराठीतही लिहा: खाऊ नये. एडिसनची युक्ती होती, अजून चालते. फ्रिजवर विषबाधा मदतीचा क्रमांक लावून ठेवा, १-८००-२२२-१२२२, देशभर एकच, रात्रंदिवस चालू.

प्रयोग झाल्यावर मोरचूदाचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं. झाकणाच्या बाटलीत साठवा, वर नाव आणि तारीख लिहा. बऱ्याच काउंटींत घरगुती घातक कचरा घ्यायचे ठरावीक दिवस असतात, जुना रंग आणि बॅटऱ्या देतो तिथेच. तारखा काउंटीच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलाला सोबत न्या आणि बाटलीत काय आहे ते तिथल्या माणसाला त्यालाच सांगू द्या.